कुलूप कच्चं होतं म्हणून घरातलं सामान रस्त्यावर मांडायचं?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते. आज धागा काढतेय, कारण आठ दिवस झाले तरी हा विषय डोक्यातून जात नाहीये.

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सांगलीत विश्रामबागला आमच्याकडेच राहतो. दिवाळीनंतर सासूबाईंचं रक्त तपासायला दिलं होतं. आजकाल रिपोर्ट आणायला जावं लागत नाही, मोबाईलवर लिंक येते. याने ती उघडली तर शेवटी नुसता एक आकडा. याने तो एकाने कमी करून बघितला आणि समोर दुसऱ्याच माणसाचा रिपोर्ट. नाव, वय, मोबाईल नंबर, कुठल्या डॉक्टरांनी पाठवलं, सगळं. ना पासवर्ड, ना ओटीपी. अजून एकाने कमी केला, तिसऱ्याचा रिपोर्ट. तिथे तो थांबला आणि मला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं लॅबमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलीने "सर नाहीयेत" म्हणून वाटेला लावलं. मग भाच्याने ईमेल केला, पेशंटचं नाव-नंबर झाकून स्क्रीनशॉट जोडला. चार दिवसांनी मालकांचा फोन आला. "तू आमच्या सिस्टिममध्ये घुसलास. पोलिसांत देऊ? कॉलेजला कळवू?" पोरगं पांढरंफटक पडलं. आम्हीच त्याला म्हटलं, सोड आता, सांगायचं काम तू केलंस.

पाच आठवड्यांनी कुणीतरी त्याच फटीतून काहीशे रिपोर्ट उतरवले आणि टेलिग्रामवर टाकले. वर लिहिलं होतं, या लॅबला सुरक्षितता शिकवायला हे करतोय. दोन दिवसांत ती फाइल व्हॉट्सॲपवरून गल्लोगल्ली फिरली. त्यात आमच्या ओळखीच्या एका बाईंचा रिपोर्ट होता. कशाचा ते लिहीत नाही. घरमालकिणीने त्यांना महिनाअखेर खोली सोडायला सांगितलंय.

लॅबची ती लिंक आता बंद झालीय. भाच्याच्या सांगण्याने जे झालं नाही ते त्या माणसाच्या टाकण्याने दोन दिवसांत झालं, हे मला नाकारता येत नाही. तरीही त्याचा विचार आला की माझं डोकं फिरतं. तुम्हाला काय वाटतं ते मनापासून सांगा. लॅबचं नाव इथे येणार नाही, कृपया विचारू नका.

तंबोरा_मिरज

ताई, आधी एक सांगा, भाच्यावर कुणी संशय घेतलाय का? ईमेल त्याच्याच नावाने गेलाय. पहिला हात त्याच्याच कॉलरला जाईल.

कृष्णाकाठची

हो. लॅबने पोलिसांत दिलेल्या अर्जात त्याचा ईमेल जोडलाय असं कळलं. अजून बोलावणं आलेलं नाही. रात्री नीट झोपत नाही पोरगा.

बिट_बहाद्दर

मी मूळचा इस्लामपूरचा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. इथे बहुतेकांना आवडणार नाही ते लिहितो.

तुमच्या भाच्याने सगळं नियमाने केलं. प्रत्यक्ष भेटला, लिहून कळवलं, नावं झाकली. काय मिळालं? धमकी. लोक डेटा का फोडतात याचं अर्धं उत्तर तिथेच आहे. ज्या संस्थेला अब्रू जायची भीती सोडून कशाचीच भीती नाही, ती अब्रू गेल्यावरच हलते. जून २०११ मध्ये लल्झसेक नावाच्या टोळीने सोनी पिक्चर्सचा डेटा उघड केला. पासवर्ड साध्या मजकुरात ठेवले होते आणि आत शिरायला एक प्राथमिक एसक्यूएल इंजेक्शन (साइटच्या रकान्यात डेटाबेसची आज्ञा घुसवायची युक्ती) पुरलं, असं त्यांनी जाहीर केलं. एवढी मोठी कंपनी! बोभाटा झाला नसता तर कळलं असतं कुणाला?

आपल्याकडचं उदाहरण घ्या. मे २०१७ मध्ये झोमॅटोच्या १.७ कोटी ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि विक्रीला लागली. कंपनीने त्या हॅकरशी बोलणी केली. त्याची मुख्य मागणी एवढीच होती की फटी शोधून सांगणाऱ्यांसाठी रीतसर बक्षीस योजना सुरू करा. कंपनीने कबूल केलं, त्याने माल विक्रीवरून काढला. दार ठोठावून कुणी उघडत नसेल तर लोक दगड मारतात.

आपल्या जिल्ह्याला हे नवं नाही. १९४२ नंतर साताऱ्याच्या प्रतिसरकारने तेच केलं ना? अर्ज-विनंत्या संपल्यावर कायदा मोडूनच व्यवस्थेला हलवलं.

गलाईवाला

मी विट्याजवळचा, सोन्याच्या गलाईच्या धंद्यात वीस वर्षं झाली कोइमतूरला आहे. आई गावाकडं एकटी असती.

गेल्या वर्षी तिला फोन आला. "आजी, तुमची जेवणानंतरची साखर २८६ आलीय, डॉक्टरांनी औषध बदलाय सांगितलंय." आकडा बरोबर, तारीख बरोबर, डॉक्टरांचं नाव बरोबर. तिनं शेजारच्या पोराकडनं साडेचार हजार पाठवले. पुड्या आल्या, त्यात काय होतं देव जाणे, पण तिनं आपल्या गोळ्या बंद केल्या त्या पुड्यांवर भरवसा ठेवून. अकरा दिवसांनी चक्कर येऊन पडली तेव्हा मला कळलं.

माहिती कुठनं गेली, कुणी फोडली, चांगल्या हेतूनं का वाईट, मला काय ठाऊक नाही. आईलाही ठाऊक नाही. फोन करणाऱ्याला तर त्याची गरजच नव्हती. त्याला आकडा मिळाला होता.

बहाद्दर भाऊ, तुमचा दगड दाराला लागला म्हणता. आमच्या आईला लागला तो.

तंबोरा_मिरज

गलाईवाला, वाचून पोटात गोळा आला. आई आता बऱ्या आहेत ना?

गलाईवाला

बऱ्या आहेत. बहीण राहायला आलीय.

आबा_कुंडल

वय झालंय, टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

प्रतिसरकारचं नाव निघालं म्हणून लिहितो. कुंडल हे त्या कामाचं ठाणं होतं, आणि माझे वडील निरोप पोचवायचे. १९४३ साली शेणोलीजवळ तुफान सेनेने पगाराची रेल्वेगाडी लुटली. तो पैसा कुणाचा? इंग्रज सरकारचा. डाकबंगले जाळले, ते सरकारचे. तारा तोडल्या, त्या सरकारच्या. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांनी "सरकारला धडा शिकवायचाय" म्हणून गावातल्या विधवेच्या घरातलं धान्य रस्त्यावर ओतलं असं कधी ऐकलंय का? उलट गावात शेतकऱ्याला नाडणाऱ्या सावकाराला, खबऱ्याला पत्री बसायची, म्हणजे तळपायावर मार. शिक्षा ज्याचा गुन्हा त्याला.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. त्या लोकांना गाव ओळखत होतं. भाकरी गावच देत होतं आणि जाबही गावच विचारू शकत होतं. टेलिग्रामवरच्या या माणसाला त्या बाईने कुठे जाऊन जाब विचारायचा?

रिपोर्ट लॅबचा नव्हे बाळा, त्या बाईचा होता. ज्याचा खजिना नाही त्याचा लुटलास आणि ज्याला शिकवायचं होतं त्याला एक लिंक बंद करावी लागली एवढंच.

माहुली_संगम

आबांच्या शब्दाशब्दाला अनुमोदन. फक्त भाच्याची बाजू निसटायला नको. आपल्या देशात सांगणाऱ्यालाच पकडायची खोड जुनी आहे. २०१० मध्ये हैदराबादचे हरी प्रसाद यांनी परदेशी संशोधकांबरोबर मतदान यंत्रातल्या त्रुटी दाखवल्या. ऑगस्टमध्ये त्यांना अटक करून मुंबईला आणलं, यंत्र कुणी दिलं ते सांगा म्हणून. जानेवारी २०१८ मध्ये 'द ट्रिब्यून'च्या बातमीदाराने दाखवलं की ५०० रुपयांत आधारची माहिती पाहण्याची सोय विकत मिळते. पुढे जो एफआयआर झाला त्यात त्या बातमीदाराचंच नाव होतं.

या दोघांनी कुणाचाही डेटा लोकांत वाटला नव्हता. तरी ही गत. मग विशीतला पोरगा विचार करतो की नाव सांगून मार खाण्यापेक्षा निनावी राहून टाकलेलं बरं. साताऱ्यात माझ्या वर्गात अशी हुशार पोरं आहेत. त्यांना "लेखी कळवा" असं सांगताना माझी जीभ अडखळते.

कोर्ट_गल्ली

सांगलीत वकिली करते. धाग्यात भावना बरोबर आहेत, पण भाच्यासाठी कायदा स्पष्ट हवा.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ म्हणतं की मालकाच्या परवानगीशिवाय संगणक यंत्रणेत प्रवेश केला किंवा त्यातून माहिती उतरवली तर नुकसानभरपाई. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "मी चांगल्या हेतूने तपासलं" म्हणणाऱ्याला सूट देणारं वेगळं कलम या कायद्यात नाही. मात्र ६६ मधले "अप्रामाणिकपणे" आणि "कपटाने" हे शब्द भाच्याची ढाल आहेत. दोन रिपोर्ट दिसले, तिथेच थांबला, एका स्क्रीनशॉटशिवाय काही साठवलं नाही, नाव झाकून स्वतःच्या नावाने कळवलं. हा माणूस कपटी कसा? तो ईमेल त्याच्या विरुद्ध नाही, बाजूने आहे. जपून ठेवा. मालकाचा फोन कधी आला ते तारीख-वेळेसह लिहून काढा. मोबाईल, लॅपटॉप फॉरमॅट करू नका, घाबरून पोरं नेमकं तेच करतात आणि मग पुरावा पुसल्याचा संशय येतो.

ज्याने शेकडो रिपोर्ट उतरवून वाटले त्याचा हेतू त्याच्यापाशी. कायद्यापुढे त्याची बाजू फार लंगडी आहे.

आता लॅब. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटींपर्यंत दंड आहे, आणि डेटा फुटला तर ज्यांचा फुटला त्यांना कळवणं बंधनकारक आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यांत १८ महिन्यांची मुदत दिलीय. मला या कायद्याची एक गोष्ट खुपते. दंडाचा पैसा सरकारी तिजोरीत जातो. जिचं घर गेलं तिला त्यातून छदाम नाही. वर जुन्या कायद्यातलं कलम ४३अ, ज्याखाली हलगर्जी कंपनीकडून भरपाई मागता यायची, ते वगळायची तरतूद याच कायद्यात करून ठेवलीय.

सिस्टर_मिशनरोड

मिरजेत ३१ वर्षं नर्स होते, आता निवृत्त. ताईंनी रिपोर्ट कशाचा ते लिहिलं नाही, बरं केलं. मीही विचारत नाही. सर्वसाधारण लिहिते.

नव्वदच्या दशकात आमच्या वॉर्डात एचआयव्ही असलेल्या पेशंटच्या केसपेपरवर लाल शाईने खूण असायची. आमच्या सोयीसाठी. झाडूवाल्यापासून भेटायला आलेल्या पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना त्या लाल शाईचा अर्थ कळायचा. डबा आणणारं माणूस दुसऱ्या दिवसापासून यायचं बंद व्हायचं. नाव फुटणं म्हणजे काय हे सांगली-मिरजेने फार जवळून पाहिलंय. म्हणून तर वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर एचआयव्हीवर काम करणारी संग्रामसारखी संस्था इथे १९९२ पासून उभी राहिली आणि बायकांनी हक्काने बोलायला सुरुवात केली. ती खूण काढून टाकायला आम्हाला कितीतरी मीटिंगा घ्याव्या लागल्या.

एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, सप्टेंबर २०१८ पासून लागू. माणसाच्या लेखी संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही, आणि नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने त्या सुरक्षित ठेवायच्या आहेत. लॅबसुद्धा त्यात आली. या आजारावरून कुणाला घरातून काढता येत नाही, तेही त्याच कायद्यात आहे. कोर्ट गल्ली, चुकत असेन तर दुरुस्त करा.

हॅकरला मला एकच विचारायचंय. तू फाइल टाकण्याआधी उघडून एकेक नाव वाचलंस का?

कोर्ट_गल्ली

सिस्टर, बरोबर आहे. राहण्याच्या जागेबाबतचा भेदभाव त्या कायद्यात निषिद्ध आहे. ताई, त्या बाईंचं प्रकरण त्यात बसत असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा. नोटीस मी देते, फी नको.

बिट_बहाद्दर

काल रात्री सगळं दोनदा वाचलं. गलाईवाला, तुमच्या आईंचं वाचून मी माझा प्रतिसाद परत वाचला. दगडाची उपमा मागे घेतो. आबा, प्रतिसरकारचं उदाहरणही मागे घेतो.

झोमॅटोचं मी अर्धंच लिहिलं होतं. तिथे प्रकरण निभावलं, कारण फुटलेल्या माहितीत ईमेल आणि हॅश केलेले, म्हणजे मूळ शब्द सहज कळू नये असे सांकेतिक केलेले पासवर्ड होते, कार्डाची माहिती वेगळीकडे होती. पासवर्ड बदलता येतो. रक्ताचा रिपोर्ट कसा बदलणार? आणि लल्झसेकने सोनीला हसं केलं खरं, पण यादीत नावं-पत्ते सामान्य ग्राहकांचे होते. २०१५ मध्ये ॲशली मॅडिसन या विवाहबाह्य संबंधांच्या साइटचा डेटा "कंपनी खोटारडी आहे हे दाखवायला" म्हणून फोडला गेला. कंपनी खोटारडी होतीच, खातं पूर्ण पुसायचे १९ डॉलर घेऊन माहिती ठेवून घेत होती. पण पुढे पैसे मागणारी धमकीची पत्रं कंपनीला नाही, ग्राहकांना आली.

भाच्यासारखाच एक प्रसंग अमेरिकेत झालाय. २०१० मध्ये एटी अँड टीच्या साइटवर आयपॅडचा क्रमांक बदलत गेलं की दुसऱ्याचा ईमेल दिसायचा. एका गटाने सुमारे १,१४,००० ईमेल उतरवून एका वृत्तसंकेतस्थळाला दिले. त्यातल्या एकाला ४१ महिन्यांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये अपिलात ती रद्द झाली, पण खटला चुकीच्या राज्यात चालवला एवढ्याच मुद्द्यावर. मला त्यात नेहमी वाटत आलंय की फट सिद्ध करायला दोन ईमेल पुरेसे होते. एक लाख कशाला हवे होते? भाचा दोनवर थांबला. फरक तिथे आहे.

आमच्या क्षेत्रात रीत आहे ती अशी. गुगलचा प्रोजेक्ट झिरो हा गट २०१४ पासून फट सापडली की कंपनीला कळवतो आणि ९० दिवस देतो. त्यानंतर जाहीर करतो. जाहीर काय करतो? फट. लोकांचा डेटा नाही. मुदतीमुळे कंपनी हलते आणि कुणाचं नाव बाहेर येत नाही. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवता येतं, ते मधे पडून कंपनीशी बोलतात. भाच्याने लॅबला पाठवलेला ईमेल सर्ट-इनलाही पाठवला असता तर मालकाने फोनवर तो सूर लावला नसता. ही त्याची चूक नाही. त्याला कुणी शिकवलंच नाही, आमच्या कॉलेजातही नव्हतं.

रिपोर्ट_वेळेवर

माझी साताऱ्यात छोटी लॅब आहे. तुमच्या गोष्टीतली नव्हे, पण ती माझी असू शकली असती, म्हणून लिहितोय.

आम्ही सॉफ्टवेअर विकत घेतो. विकायला आलेला माणूस बारकोड, बिलिंग, व्हॉट्सॲपवर रिपोर्ट दाखवतो. लिंकमधला आकडा अंदाजाने ओळखता येतो का, हे विचारायचं असतं हे मला हा धागा वाचेपर्यंत माहीत नव्हतं. काल स्वतःच्या लॅबची लिंक तपासली. आमची तशीच होती. आकडा कमी केला आणि आमच्याच पेशंट आजोबांचा रिपोर्ट आला. हात गार पडले.

लगेच सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, आजवर कुणी तक्रार केली नाही." मी लिंक पाठवणंच बंद केलं. आजपासून रिपोर्ट काउंटरवर. लोक चिडताहेत, चालेल. बहाद्दर, मी त्याच्याकडून नेमकं काय करून घ्यायचं ते साध्या भाषेत सांगाल का?

बिट_बहाद्दर

नक्की. आकड्याऐवजी लांबलचक, अंदाज न येणारी अक्षरमाला हवी. लिंक उघडल्यावर पेशंटच्या मोबाईलवर ओटीपी हवा. ठरावीक दिवसांनी लिंक आपोआप मरायला हवी. आणि कोणता रिपोर्ट कुठून कितीदा उघडला याची नोंद हवी. ही नोंद सर्वांत महत्त्वाची, नाहीतर आधी कुणी येऊन गेलं का हे तुम्हाला कधीच कळणार नाही. "होईल" म्हणाला तर तारीख लिहून घ्या.

काल तुम्ही लिंक बंद केलीत याला काळीज लागतं.

माहुली_संगम

रिपोर्ट_वेळेवर, एक विनंती. लॅबच्या काउंटरवर एक पाटी लावा, "आमच्या यंत्रणेत काही चूक आढळल्यास या नंबरवर कळवा, तुमच्यावर कारवाई होणार नाही." माझ्या पोरांना दाखवायला निदान एक दार तरी असेल.

रिपोर्ट_वेळेवर

सोमवारी लावतो.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं कळवायचं होतं.

कोर्ट गल्ली ताईंबरोबर काल भाचा पोलिसांकडे स्वतःहून जाऊन आला. अधिकाऱ्यांनी ईमेल नीट वाचला. जबाब घेतला, लॅपटॉप पाहिला, परत दिला. पुन्हा बोलावलं तर यावं लागेल म्हणाले. काल रात्री पहिल्यांदा जेवला नीट.

आणि मी त्या बाईंकडे गेले होते. नोटिशीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, बघू. मग मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. भाच्याला फट दिसली ते, आम्ही लॅबमध्ये गेलो ते, धमकीचा फोन. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला पाच आठवडे आधी माहीत होतं. मी पण तिथेच तपासते हे तुम्हाला माहीत होतं. मला का नाही सांगितलंत?"

मला उत्तर देता आलं नाही. आम्ही लॅबला सांगितलं, त्या माणसाने जगाला सांगितलं. तिला कुणीच सांगितलं नव्हतं. त्या पाच आठवड्यांत ती लॅबमध्ये जाऊन "माझा रिपोर्ट तिथून काढा" म्हणू शकली असती.

सिस्टर_मिशनरोड

ताई, खोली सोडायची तारीख काय आहे? माझ्या घरी मागची खोली रिकामी आहे, वेगळं दार आहे. त्यांना विचारा. माझं नाव सांगितलंत तरी चालेल.

कृष्णाकाठची

तीस तारीख. आत्ताच निघते सिस्टर, त्यांना विचारून येते.